माहूरच्या तंबूतला बर्फवाला

चित्रपट संपला तेव्हा लोक बर्फवाल्यासाठी शिट्ट्या मारत होते. माझ्या दृष्टीने निकाल तिथेच लागला. खुनी माणसाला शिट्टी मिळाली की त्याची भीती गेली. मग तो हीरो होतो, आणि हीरो आपल्याकडे पुष्कळ आहेत.

'रक्तपात मंडळ' हा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. नांदेड-लातूरकडचे एक्केचाळीस सभासद, सगळे स्लॅशर चित्रपटांचे वेडे. एक बंद जागा, एक हत्यारवाला, एकेक करून कमी होत जाणारी माणसं आणि शेवटी उरणारी एक मुलगी, असले चित्रपट. त्या रविवारी लातूरला सकाळच्या खेळाला सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं होतं. एक्केचाळीसपैकी दोघं आलो. मी नांदेडहून एसटीने, आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन आदिनाथ, जो लातूरच्याच एका क्लासमध्ये बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो.

"चौघांनी जुलाब झाल्याचं कळवलंय," आदिनाथ म्हणाला. "एकाच दिवशी चौघांना. धम्मप्रिया मॅडम, पाणी तपासणाऱ्या तुम्ही. हे शक्य आहे का?"

"एकाच बोअरचं पाणी पीत असतील तर आहे, सर."

तो मला मॅडम म्हणतो तेव्हा मी त्याला सर म्हणते. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलंय आणि नांदेडला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून हा टोमणा.

थिएटरसमोरच्या टपरीवर चहा घेता घेता आमचं भांडण सुरू झालं. ते समजायला दोन खुन्यांची ओळख हवी. बर्फवाला हा बर्फाच्या कारखान्यातला माणूस. अंगावर चामड्याचा एप्रन, हातात लाद्या ओढायचा लोखंडी चिमटा. त्याचे सात भाग आले, मग पहिल्या भागाचा रीमेक आला. सूरवाला हा पियानो जुळवणारा. खून करण्याआधी तो ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सूर जुळवायचा दुभंगी काटा, टेबलावर आपटतो, त्याचा सूर हवेत राहतो, आणि तो सूर विरायच्या आत माणूस मरतो. त्याचे चार भाग आणि एक रीमेक. आज आम्ही पाहिला तो या दोघांना एकमेकांवर सोडणारा नवा चित्रपट.

"दहापैकी किती?" आदिनाथने विचारलं.

"तीन."

"तीन? पुलावरची मारामारी बघितली नाहीस का तू? वीस मिनिटं!"

"तेच तर. दोन खुनी एकमेकांत गुंतले की माणसं मोकळी होतात. ती पोरगी पुलाच्या कडेला उभी राहून बघत होती. मी तिच्या जागी असते तर एवढ्या वेळात घरी जाऊन स्वयंपाक केला असता."

"आणि रीमेक? त्यांना तू किती दिले होतेस?"

"सूरवाल्याला दोन, बर्फवाल्याला एक."

रीमेकबद्दलची माझी तक्रार ग्रुपवर सगळ्यांना पाठ आहे. जुन्या सूरवाल्यात तो का मारतो हे कुणी सांगत नाही. रीमेकमध्ये त्याचं बालपण आहे, सावत्र बाप आहे, पावसात भिजणारं कुत्रं आहे. बावीस मिनिटं, मी घड्याळ लावून मोजली. त्या बावीस मिनिटांनंतर मला त्याची दया आली, आणि ज्याची दया येते त्याच्या भीतीने कुणी पांघरूण डोक्यावर घेत नाही. जुना बर्फवाला खऱ्या कारखान्यात चित्रित केला होता. तिथे सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघते. मुलगी लाद्यांमागे श्वास रोखून बसते, कारण वाफ दिसली की ती सापडणार. आणि माणूस किती वेळ श्वास रोखू शकतो? मी स्वतः तिच्याबरोबर रोखून पाहिला आहे. चौतीस सेकंदांत हरले. रीमेकमध्ये बर्फ संगणकावर केलाय. उणे दहा तापमान आहे म्हणतात आणि कुणाच्या तोंडातून वाफ नाही. थंडी नाही, तर श्वास लपवायचा कशाला?

"हे सगळं मान्य," आदिनाथ म्हणाला. "पण मग तुझा तो दहापैकी दहावाला चित्रपट दाखव. दोघांना एकत्र आणणारा. माहूरचा."

ही गोष्ट निघणार हे मला माहीत होतं.

महिन्याभरापूर्वी या चित्रपटाची जाहिरात आली तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं होतं की यात नवीन काही नाही, बर्फवाला आणि सूरवाला आधीच एका चित्रपटात येऊन गेले आहेत, आणि तो यापेक्षा चांगला होता. मी तिसरीत असताना, २००९ साली, माहूरच्या यात्रेत टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला. त्यात ते एकमेकांशी लढत नाहीत. समोरासमोरही येत नाहीत. मुलगी बर्फाच्या कारखान्यातून पळते, जाड दार ढकलते, आणि दारापलीकडे पियानोचं घर असतं. तिथे दुसरीच मुलगी पळत असते. पहिली कुठे गेली कुणी सांगत नाही. एका भीतीतून बाहेर पडावं आणि बाहेर दुसरी भीती असावी, याहून चांगली कल्पना मी पुढे कुठल्याही चित्रपटात पाहिली नाही.

ग्रुपने इंटरनेट पालथं घातलं. असा चित्रपट नाही. सात अधिक चार अधिक दोन रीमेक, बस्स. कुणी मला 'माहूरची लेखिका' म्हणू लागलं, कुणी चित्रपटाचं पोस्टर स्वतः बनवून टाकलं. आदिनाथने लिहिलं, पुरावा द्या किंवा विधान मागे घ्या.

"घेते मागे," मी म्हणाले. "लिहिते आज ग्रुपवर."

त्याने कप खाली ठेवला. "अगं, मी मजा करतोय. एवढं तोंड काय पाडतेस?"

मग मी त्याला सांगितलं. ग्रुपवर हे लिहिलेलं नव्हतं.

माझे पप्पा किनवटला रेल्वेत गँगमन होते, रूळ तपासत फिरायचे. मी आठवीत असताना हृदयविकाराने गेले. त्यांच्याबद्दलच्या माझ्या आठवणी बहुतेक तुकड्यांतल्या आहेत: बूट, टॉर्च, ड्युटीवरून आल्यावर येणारा तेलाचा वास. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग आठवते अशी एकच संध्याकाळ, ती तंबूतली. मी त्यांच्या मांडीवर होते, त्यांनी त्यांचा मफलर माझ्या कानांवर बांधला होता, आणि भीतीचा प्रसंग आला की ते मोठ्याने हसत. मला भीती वाटू नये म्हणून हसतात असं मला वाटे.

आई म्हणते, असं काही झालंच नाही. ती त्या वेळी माहूरला नव्हती. पप्पांनी तिला सांगितलं होतं की पोरीला पाळण्यात बसवलं, गोडी शेव घेतली आणि परत आणलं. यात्रेहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मला ताप भरला, टायफॉइड निघाला. आठ दिवस मी बर्फ बर्फ करत बडबडत होते. आईचं म्हणणं, सगळा पिक्चर तू तापात पाहिलास.

"आणि असा चित्रपट कुठेच नाही म्हटल्यावर," मी म्हणाले, "आईचंच बरोबर ठरतं. एकशे चार ताप असलेल्या आठ वर्षांच्या मुलीचा शब्द धरायचा की सगळ्या याद्या? मी स्वतः तपासत असते तर नमुना दूषित आहे म्हणून फेकून दिला असता. पण चित्रपट खोटा असेल तर ती मांडी पण खोटी, मफलर पण खोटा. मग माझ्याकडे बूट आणि टॉर्च उरतात."

आदिनाथने फोन काढला आणि फोटो मागे सरकवत गेला. "थांब. मागच्या जूनचा असेल."

फोटो त्यांच्या क्लासच्या निकालाच्या सत्काराचा होता. लातूरला जूनमध्ये असे मांडव जागोजागी पडतात. फेटे बांधलेली मुलं, हातात मार्कांचे फलक. आदिनाथने मुलांच्या डोक्यावरचं छत मोठं करून दाखवलं. जुन्या जाड कापडावर उलटी, पुसट अक्षरं होती. 'टुरिंग टॉकीज' एवढं वाचता येत होतं.

"मांडववाला शिरूर अनंतपाळचा. शेषेराव नाव. ऐन वेळी पाऊस आला म्हणून त्याने हे जुनं कापड वर टाकलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, आधी तंबूचं सिनेमाघर होतं आमचं, यात्रा-यात्रा फिरायचो." त्याने माझ्याकडे पाहिलं. "माहूरला जात होता की नाही, माहीत नाही. पण मराठवाड्यात असे तंबू होते तरी किती?"

शिरूर अनंतपाळची गाडी अडीचला होती. गाडीत बसल्यावर मी वहीतला कागद फाडला आणि आठवणीतल्या पाच गोष्टी लिहिल्या. एक, कारखान्याचं दार आणि त्यापलीकडे पियानोचं घर. दोन, मुलगी बदलते पण आवाज तोच राहतो. तीन, जिना. पियानोच्या घरातला जिना उतरलं की पुन्हा बर्फ. चार, शेवटी मारला जातो तो बर्फवाला, सूरवाल्याचं काय होतं ते कळतच नाही. पाच, एकदा भिंतीवर दोघांच्या सावल्या शेजारी शेजारी दिसतात. कागद दुमडून मी आदिनाथला दिला.

"खिशात ठेव. आणि तिथे गेल्यावर त्यांना काही सुचवायचं नाही. 'बर्फवाला होता ना?' असं विचारलं की माणूस हो म्हणतो."

"मी शिक्षक आहे. उत्तर सांगून प्रश्न विचारणं हाच माझा धंदा."

"म्हणूनच सांगतेय."

शेषेराव घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांबू मोजत होते. पासष्टीचे असतील. टोपी, बंडी, डाव्या हाताची दोन बोटं भाजून आखडलेली. त्यांच्या पत्नी गुणाबाई खुर्च्यांचा ढीग पुसत होत्या. आदिनाथला पाहून शेषेराव म्हणाले, "या सर. आवंदा निकाल लवकर लागला का काय?"

"मांडवाचं काम नाही, मामा. या धम्मप्रिया. नांदेडहून आल्यात. तुमच्या तंबूबद्दल विचारायचंय."

"तंबूबद्दल?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "पेपरात हायव का?"

"नाही मामा. पाणी तपासते."

"मग आमच्या बोअरचं तपासून जा," गुणाबाई म्हणाल्या. "लई खारट हाय."

मी पहिला प्रश्न विचारला. कुठल्या कुठल्या यात्रेत तंबू लागायचा? शेषेराव बोटांवर मोजू लागले. त्यात माळेगाव आलं, माहूर आलं. माहूरला पाच वर्षं.

"माहूरला भीतीचे पिक्चर लावायचात का?"

"लावायचो की. देवाधर्माचं दिवसा, भीतीचं सांच्याला. थंडीत माणूस एकमेकाला चिकटून बसायचं, तिकीट खपायचं."

"त्यातला एखादा लक्षात राहिलाय?"

ते हसायला लागले. हसता हसता बांबूवर बसले. "एक हाय. पर त्यो सांगायसारखा न्हाई."

"काऊन न्हाई?" गुणाबाई म्हणाल्या. "सांगा की. आता कोन पकडायलंय तुमाला?"

आदिनाथ तोंड उघडणार होता. मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

"माहूरलाच झालं," शेषेराव म्हणाले. "दोन पिक्चर भाड्यानं आणले हुते, दोन्ही बाहेरच्या देशातले, हिंदी केलेले. एक बर्फाच्या कारखान्याचं, एक त्या पेटी वाजवायच्या बाबाचं, मोठी पेटी असती बगा, पियानो. पयल्या सांच्याला बर्फाचं लावायचं हुतं. दुपारी डबे उघडले, तर काय, तीन नंबरचं रीळ दोन डब्यात, आन चार-पाच नंबर न्हाईच. ज्यानं पाठवले त्याची चूक. आता करायचं काय? गाडीवरनं भोंगा फिरून आल्ता. माणूस तिकिटाला हुबं ऱ्हायलेलं. पैशे परत दिले तर दुसऱ्या दिवशी कोन येतंय तंबूत?"

"मग?"

"मग दुसऱ्या पिक्चरची दोन रिळं घुसडली मधी." ते थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी रागावते की काय हे पाहत होते. "आता तशीच घुसडली तर लोक खुर्च्या मोडतील. खुर्च्या न्हवत्या म्हना, दगड मारतील. तर मी काय केलं, भिंग घेतलं आन तीन तास फिल्म बगत बसलो. बर्फातली पोरगी पळत येती आन दार ढकलती. तिथं कापलं. पियानोवाल्यात एक पोरगी दार ढकलून घरात येती. तिथं जोडलं. दाराला दार."

आदिनाथने खिशातला कागद बाहेर काढला होता. तो उलगडायचं विसरून नुसता धरून उभा होता.

"लोकांना कळलं नाही?" मी विचारलं.

"कळंल कसं? हिंदीत बोलनारी बाई दोन्हीत एकच! पोरगी बदलली, आवाज त्योच. लोकांना वाटलं, कपडे बदलले आसतील. केस बी बदलले." ते पुन्हा हसले. "शिट्टी न्हाई, वरडणं न्हाई. गप्प. मी आतून बगत हुतो, घाम फुटला हुता मला. माणूस एवढं गप्प बसलेलं मी कवा बगितलं न्हवतं."

"आणि परत बर्फात कसं आणलं?"

"जिना. ही पोरगी जिना उतरायलीय, तिकडं ती पोरगी जिना उतरायलीय. जिन्याला जिना जोडला, झालं. मग त्या पेटीवाल्या बाबाचं काय झालं, ते ऱ्हाऊनच गेलं. कुनी इचारलं बी न्हाई."

आदिनाथने कागद उघडला आणि वाचला. मग त्याने तो माझ्याकडे न देता शेषेरावांकडे दिला, जणू सही त्यांचीच हवी होती.

"दोघं एकत्र कधी दिसले का, मामा?" मी विचारलं. "सावलीत तरी?"

"छे. कशी दिसतील? दोन येगळे पिक्चर."

पाचपैकी चार जुळल्या, एक चुकली. ती चूक ऐकून मला खरं तर बरं वाटलं. पाचही जुळल्या असत्या तर मी म्हणाले असते की मीच कुठूनतरी ऐकलेलं सांगतेय. आठ वर्षांच्या मुलीने एवढी एक सावली स्वतःची घातली असेल तर ते समजण्यासारखं आहे.

तो खेळ किती वेळा झाला, असं मी विचारलं. चार दिवस, रोज दोनदा. यात्रा संपल्यावर शेषेरावांनी जोड सोडवले, रिळं आपापल्या डब्यांत घातली आणि परत केली. म्हणजे जगात हा चित्रपट आठ खेळांपुरता होता. कुठल्याच यादीत तो नव्हता, यात यादीची काही चूक नव्हती.

"तो सगळ्यात चांगला होता, मामा," मी म्हणाले. "खऱ्या कंपनीने आता तोच बनवलाय, करोडो रुपये घालून. आज सकाळीच पाहिला. तुमच्या दाराची सर नाही त्याला."

"आगं बया," गुणाबाई म्हणाल्या, "आता ह्ये आठ दिवस टोपी काढायचे न्हाईत."

मी शेवटचा प्रश्न विचारला, उत्तर माहीत असूनही. खाकी शर्टातला एक माणूस, मांडीवर मुलगी, तिच्या कानांवर मफलर. शेषेरावांनी मान हलवली. पाचशे माणूस बसायचं, त्यातलं कोण लक्षात राहणार? ते खरं बोलले याचंही मला बरं वाटलं. पप्पा तंबूत होते याचा पुरावा मिळाला नाही. पण ते नव्हते असं म्हणायला जे एकमेव कारण होतं, ते गेलं.

आम्ही स्टँडवर आलो. आदिनाथ ग्रुपवर काहीतरी लांबलचक लिहीत होता, मधूनमधून मला वाचून दाखवत होता, आणि त्यात माझी माफी कुठे मागावी यावर अडला होता. मी आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं: डबे, दोन रिळं, दार, जिना.

"आई? ऐकून राहिलीस ना?"

"म्हणजे नेलं होतं त्यानं तुला," आई म्हणाली. "एवढ्याशा लेकराला. आन मला म्हणला पाळण्यात बसवलं."

"हाव."

"थांब, थांब." ती काहीतरी आठवत होती; मला तिचा श्वास ऐकू येत होता. "त्या साली, यात्रेहून आल्यावर, हा माणूस महिनाभर अंधार पडला की मला उठवायचा. मोरीत जायचं तरी म्हणायचा, चल संगं, साप निघालाय. मी म्हणायची, जंगलातून एकटे लाइन तपासत फिरता, आन घरात साप? तर म्हणायचा, जंगलातला साप वेगळा."

मी हसू लागले. आदिनाथने लिहिणं थांबवून पाहिलं.

"हसतेस काय? थंडीत कुठला साप? मी महिनाभर दारात कंदील घेऊन उभी!" आईचा आवाज चढला होता, आणि पप्पा गेल्यापासून मी तिला त्यांच्यावर असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "सांगितलं असतं मला, भ्यालो म्हणून. काय खाल्लं असतं का मी त्याला? आन तुला वाटत होतं, तुझ्यासाठी हसत होता!"

"वाटत होतं ना."

"भ्याला होता तो, धम्मा," आई म्हणाली आणि तीही हसायला लागली. "तुझ्यापेक्षा जास्त भ्याला होता."

नांदेडची गाडी लागली होती. मी फोन न ठेवताच चढले, आणि आई अहमदपूर येईपर्यंत बोलत राहिली.